उखळावाचून गाणे

न्याम्हांगो : बंद कर. बंद कर म्हणते ना! उखळ कुठंय?

वनांग्वा : कोणते उखळ, आत्याबाई?

न्याम्हांगो : कोणतं म्हणजे? तुझ्या ह्या रेडिओच्या अंगणात आम्ही तिघींनी सकाळभर मका कांडला, ते उखळ! ज्याच्यापायी माझे दंड चार दिवस ठणकत होते, ते उखळ! गाणं ऐकू येतंय, उखळ कुठंच नाही. चोरलं कुणी?

वनांग्वा : चोरले नाही. मीच ते काढून टाकले. त्या धपधपाटामुळे ध्वनिमुद्रणात फार मोठा व्यत्यय येत होता. म्हणून मी ह्या खुर्चीवरून न उठता, यंत्राच्या साहाय्याने, एकेक धपका तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाजूला केला. आता ह्या गाण्यात केवळ शुद्ध मानवी कंठ उरला आहे.

न्याम्हांगो : वेझी, हा काय म्हणतो?

वेझी : गाणं निवडलं म्हणतो. उखळ फेकलं.

न्याम्हांगो : अरे मुडद्या!

वनांग्वा : आत्याबाई, ही प्रक्षेपणाची खोली आहे. कृपया शब्द जपून.

न्याम्हांगो : आत्ता चालू आहे का ते तुझं?

वनांग्वा : नाही.

न्याम्हांगो : मग मुडद्या! आणि पुन्हा मुडद्या! दुपारी गावच्या प्रमुखांची बैठक आहे. तळ्याकाठच्या गावाहून मासळीच्या ट्रकमध्ये, पाट्यांवर बसून आले मी. कमरेला गुंडाळलेल्या ह्या चितेंजेला वास बघ कसा येतोय. कशासाठी आले? बैठकीत गाणं लावायचं, सगळ्यांना उखळ ऐकवायचं, आणि त्या वायसनचं थोबाड बघायचं. एवढंच सुख मागितलं होतं आयुष्यात.

वनांग्वा : उखळाचे एवढे महत्त्व काय, हे माझ्या अल्प बुद्धीला समजले नाही.

न्याम्हांगो : तुझ्या घरी न्सिमा घाटायला मक्याचं पीठ कुठून यायचं?

वनांग्वा : गिरणीतून. गिरणी आमचीच होती.

न्याम्हांगो : म्हणूनच असा गुळगुळीत निपजलास. ऐक. बाई उखळाशी उभी राहून गाते ना, तेव्हा ती वाटेल ते गाऊ शकते. सासू चिक्कू आहे, दीर चोरटा आहे, नवरा कुचकामी आहे. त्यावर कुणी उलट बोलायचं नाही, हात उगारायचा नाही, तिला बैठकीत खेचायचं नाही. मुसळ हातात आहे तोवर तिच्या तोंडाला दार नाही. माझी आई माझ्या बापाचे असे वाभाडे काढायची! आणि बाप शेजारी बसून चिलीम ओढायचा, म्हणायचा, आज पीठ बारीक निघणार.

वनांग्वा : म्हणजे उखळाचा ध्वनी हे एक प्रकारचे संरक्षक कवच होय.

न्याम्हांगो : होय. आणि ते तू वेचून फेकलंस. तांदळातल्या खड्यासारखं!

वेझी : आत्या, त्याला माहीत नव्हतं.

न्याम्हांगो : तुला होतं ना? तू का नाही सांगितलंस?

वेझी : मला काय माहीत, हा एवढा कामसू आहे.

वनांग्वा : मी सातवीनंतर शाळा सोडली, परंतु परिश्रम सोडले नाहीत.

न्याम्हांगो : भाषाही सोडली नाहीस, ते दिसतंय. बरं, आता नीट सांग. वायसनने प्रमुखांकडे जाऊन काय गाऱ्हाणं घातलं? वेझीच्या तोंडून दोन शब्द निघाले की मध्ये जेवून यावं लागतं. तू सांग.

वनांग्वा : श्रीयुत वायसन चिर्वा, जे चर्चमधील गायकवृंदाचे संचालक आणि वेझीताईंचे पती आहेत, त्यांचे म्हणणे असे की आमच्या 'बायांची वेळ' ह्या कार्यक्रमातून त्यांची जाहीर बदनामी झाली. प्रमुख म्हणाले, ध्वनिमुद्रण आणा. उखळ ऐकू आले तर ते कांडणाचे गाणे, आणि प्रकरण मिटले. ऐकू आले नाही, तर ती बदनामी. मग वेझीताईंनी इथे येऊन, ह्याच ध्वनिक्षेपकासमोर, सर्व खोटे होते असे सांगायचे, आणि त्याच संध्याकाळी पतीसोबत घरी जायचे.

न्याम्हांगो : घरी. त्या घरी.

वेझी : त्याच घरी.

न्याम्हांगो : मग आधीचं, उखळासकटचं लाव की. ते असेलच कुठंतरी.

वनांग्वा : ह्या तारा जरा सैल झाल्या आहेत.

न्याम्हांगो : वनांग्वा बाळा?

वनांग्वा : यंत्राच्या कार्डावर जागा अपुरी होती. रविवारच्या प्रार्थनेसाठी एक गायकवृंद आला होता. त्यांची गाणी मी त्यावरच ध्वनिमुद्रित केली.

न्याम्हांगो : कुठला गायकवृंद?

वनांग्वा : चर्चचा.

न्याम्हांगो : चर्चचा म्हणजे वायसनचा?

वनांग्वा : संचालक तेच आहेत.

वेझी : म्हणजे कार्डावरही माझ्या अंगावर तोच.

न्याम्हांगो : हसू नकोस गं! मला हसू येतंय आणि मला हसायचं नाहीये. अरे, त्या शहरातल्या बाई आम्हाला चित्रं शिकवायला रंगांच्या डब्या घेऊन आल्या होत्या ना, तेव्हाच मी म्हटलं होतं, गाण्याबिण्याच्या फंदात पडू नका, चित्रंच काढा. चित्राला कोण बैठकीत नेतं?

वनांग्वा : आपले चित्र त्या बाईंना फार भावले होते. त्या म्हणाल्या, ह्या पाणघोड्यात स्त्रीच्या मनातील भयाचे प्रतीक आहे.

न्याम्हांगो : आणि मी म्हटलं, प्रतीक कसलं, तो वायसन आहे. गळ्यात टाय नाही का दिसत?

वेझी : टाय छान काढला होतास, आत्या.

न्याम्हांगो : बरं, ऐका. मला एक सुचलंय. धपकेच हवेत ना? धपके आपण आत्ता करू. हे टेबल आहे, मुठी आहेत, वनांग्वा तुझं यंत्र आहे. घाल त्या गाण्यात मागून.

वनांग्वा : तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. नैतिकदृष्ट्या मात्र...

न्याम्हांगो : नैतिकदृष्टी तू कार्डावर गायकवृंद भरलास तेव्हाच गेली. चल. लाव ते. हं. धप्! धप्! धप्! वेझी, तू पण मार. बायका उखळावर आळीपाळीनं मारतात, एकीनं मारून कसं चालेल?

वेझी : मी नाही मारत.

न्याम्हांगो : बरं, मी दोन्ही हातांनी मारते. धप्, धप्! धप्, धप्! झालं? ऐकव.

वनांग्वा : हे पहा, आता दोन्ही एकत्र वाजत आहेत.

न्याम्हांगो : बंद कर! हे कांडण आहे?

वेझी : कुणालातरी जोराची लागलीय आणि तो संडासाचं दार ठोठावतोय.

वनांग्वा : प्रामाणिकपणे सांगायचे तर माझेही मत तेच आहे.

न्याम्हांगो : मग पाण्याचा पिंप उपडा घालू. नाहीतर तुझं ते उखळ कुणाकडून मागून आणलं होतं? पुन्हा आणू.

वेझी : राहू दे, आत्या. खोटं नको.

न्याम्हांगो : खोटं कुठंय? उखळ होतंच! जे होतं ते परत घालायचं, ते खोटं कसं?

वेझी : एक धपका खोटा निघाला की तो म्हणेल, सगळंच खोटं. मग माझ्या पाठीचंही खोटं.

न्याम्हांगो : ही पोर गप्प असते तेच बरं. बोलली की अडवते. सगळा घोळ ह्या गिरणीवाल्याचा! काय नडलं होतं तुला? चांगलं धपधप वाजत होतं, वाजू द्यायचं!

वनांग्वा : आत्याबाई, आपण रागावलात ते योग्यच आहे. परंतु माझीही बाजू ऐका. धपक्यांच्या योगे गाण्यातले शब्दच कळत नव्हते. मी मूळ ध्वनिमुद्रण अनेकवार ऐकले. पहिले कडवे अर्धेमुर्धे कळायचे, दुसरे त्याहून कमी, आणि तिसरे कडवे, ते आत्याचे, ते तर मुळीच नाही. आता लोक म्हणतात, वनांग्वा, शब्द न् शब्द समजला.

न्याम्हांगो : कोणाचं कडवं?

वनांग्वा : आत्याचे.

न्याम्हांगो : कोणती आत्या?

वनांग्वा : मी... ते... आपण अद्याप शेवटपर्यंत ऐकले नाही काय?

न्याम्हांगो : तू दोनदा लावलंस, मी दोनदा पहिल्या कडव्यात बंद करायला लावलं. मी उखळ शोधत होते. आमच्या गावात तुझा रेडिओ येत नाही. कोणती आत्या, वेझी?

वेझी : लाव, वनांग्वा. पूर्ण लाव.

(वनांग्वा यंत्राची कळ दाबतो. खोलीत वेझीचा आवाज उमटतो, आणि प्रत्येक कडव्याअंती दोन स्त्रिया 'खरं गं बाई, खरं!' असे पालुपद धरतात. त्यांपैकी एकीचा आवाज दुसरीच्या दुप्पट आहे.

'चर्चात ताल धरतो, हवेत काठी हलते,
घरी ताल धरतो, माझी पाठ हलते.
खरं गं बाई, खरं!

तीन ठोके देतो, चौथ्याला थांबतो, चर्चात.
घरी आला की त्याला चौथा आठवत नाही.
खरं गं बाई, खरं!

सुजलं तोंड घेऊन गेले आत्याच्या दारी,
आत्यानं विचारलं, न्सिमा करपली होती का?
तोंड माझं धुतलं, आणि वाट दाखवली आली तीच.
खरं गं बाई, खरं!')

न्याम्हांगो : तो मोठा आवाज माझा आहे.

वनांग्वा : होय. सर्वांत ठळक तोच.

न्याम्हांगो : मी 'खरं' म्हणतेय.

वेझी : हो.

न्याम्हांगो : माझ्याबद्दल.

वेझी : हो, आत्या.

न्याम्हांगो : आणि शेवटी तर मी... काय करतेय मी ते शेवटी?

वनांग्वा : आपण आनंदाने किंकाळी फोडली आहे. ती काढावी की ठेवावी, ह्याचा मी पुष्कळ विचार केला होता.

न्याम्हांगो : मला ऐकूच आलं नाही गं. मी मुसळ उचलत होते. पालुपद आलं की ओरडायचं, एवढंच डोक्यात. 'आत्या' एवढं जरी कानावर पडलं असतं, तरी निदान गप्प बसले असते.

वेझी : म्हणून तर तिथं गायले. धपक्याखाली.

न्याम्हांगो : मग तोंडावर का नाही बोललीस? मी काय वाघीण आहे? खाल्लं असतं तुला?

वेझी : बोलले होते. तुझ्या दारातच. तू न्सिमा विचारलीस.

न्याम्हांगो : सगळ्याच विचारतात गं तसं.

वेझी : हो. सगळ्याच विचारतात.

वनांग्वा : मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो.

न्याम्हांगो : बस खाली! उखळ तू काढलंस, आता बस आणि ऐक. ...पण मी तुझं तोंड धुतलं होतं. कोमट पाण्यानं. ते तरी गायलीस, बरं केलंस.

वेझी : ते खरंच होतं ना. मग गायले.

न्याम्हांगो : आणि मी तरी काय करणार होते? तुझा बाप नाही. भाऊ तुझा वायसनच्या गायकवृंदात ढोल वाजवतो. नवऱ्यापुढे उभा राहायचा तो, तर त्याच्या मागे उभा राहतो. मला वाटलं, दोन दिवसांनी निवळेल.

वेझी : मलाही तसंच वाटायचं. आत्या, एक सांगू?

न्याम्हांगो : सांग. आता काय राहिलंय माझ्या अब्रूत.

वेझी : हे गाणं नवीन नाही. हे मी घरी रोज गाते. मका कांडताना, त्याच्याच अंगणात. आणि तो आत बसलेला असतो. उसिपा मासळी तोंडात, काटे काढत. ऐकतो सगळं.

न्याम्हांगो : सगळं?

वेझी : सगळं. एकदा बाहेर आला. मला वाटलं, झालं आता. म्हणाला, 'काठी' ह्या शब्दावर तुझा सूर उतरतो, तो वर धर. आणि आत गेला.

न्याम्हांगो : सूर?

वेझी : सूर शिकवला. त्याच्याच गाण्यातला. चांगलं शिकवतो तो, त्यात खोटं नाही. त्यानंतर सूर उतरला नाही माझा.

वनांग्वा : माझ्याही लक्षात आले होते, त्या शब्दावर आपला सूर अत्यंत... क्षमा असावी.

वेझी : त्याला राग का येईल? उखळावरचं गाणं. कुणी उलट बोलायचं नाही, मग कुणी ऐकायचंही नाही. सासू ऐकते आणि म्हणते, पीठ झालं का. शेजारीण ऐकते आणि पालुपद धरते. सगळं गाव माझ्या पाठीवर ताल धरतं, आणि मग जेवायला जातं. मग ह्यानं उखळ काढलं. परवा शेजारच्या न्याकुमवेंडाच्या ओट्यावर बसून मी रेडिओ ऐकला. आपलंच गाणं, पण मला वाटलं, ही कोण बाई आहे? हिला कुणी तरी सोडवा. मग कळलं, मीच. आणि तो धावत आला, पायात चप्पल नाही, तोंडावर साबण. इतकी वर्षं घरात ऐकत होता तेव्हा नाही आला. तेव्हा कळलं, आता ऐकू गेलं.

न्याम्हांगो : ...तू इतकं बोलू शकतेस, हे मला माहीत नव्हतं.

वेझी : तू ओरडायची थांबलीस.

वनांग्वा : वेझीताई, तरीही माझ्या हातून अक्षम्य प्रमाद घडला आहे. आपण म्हणाल तर मी बैठकीत उभा राहून शपथेवर सांगतो की उखळ होते, आणि ते मी काढले. मी जातो साक्षीला. माझी नोकरी गेली तरी चालेल.

न्याम्हांगो : हे बरं बोललास. हा सांगेल, उखळ होतं. मग सुटलीस. कांडणाचं गाणं, प्रकरण मिटलं.

वेझी : मिटलं म्हणजे?

न्याम्हांगो : म्हणजे माफी नाही मागायची.

वेझी : मग जायचं कुठं?

न्याम्हांगो : आपापल्या...

वेझी : हं. प्रमुख म्हणतील, कांडणाचं गाणं होतं, उगाच गवगवा केला, हसा आणि घरी जा. वायसनही हसेल. मला सायकलच्या मागे बसवून नेईल, वाटेत सूर कसा लागला ते सांगेल. खोटं म्हटलं तरी त्याच घरी, गाणं म्हटलं तरी त्याच घरी.

न्याम्हांगो : मग काय करणार? तिसरं काय आहे?

वेझी : खरं म्हणायचं. गाणं नाही, बदनामी नाही. झालंय ते सांगतेय, म्हणायचं. मग प्रमुखांना विचारावंच लागेल, कधी, कुठं, कुणी बघितलं. आणि खरं ठरलं तर त्याला मला न्यायला येता येत नाही.

न्याम्हांगो : आणि कुणी बघितलं? असं बघू नकोस माझ्याकडे.

वेझी : डावी बाजू की उजवी, आत्या?

न्याम्हांगो : डावी. डोळा अख्खा झाकला होता. कानामागे रक्त वाळलेलं. ते निघेना, म्हणून मी थोडा थोडा साबण... तुला काय गरज विचारायची? मला सगळं आठवतं.

वेझी : मग तू बघितलंस.

न्याम्हांगो : मग पुढचंही सांगावं लागेल. सगळ्यांसमोर. की हिनं न्सिमा विचारली आणि परत पाठवलं.

वेझी : हो.

न्याम्हांगो : त्या गावात माझी एक विहीण आहे. ती वर्षभर पुरवून खाईल हे.

वेझी : खाईल.

न्याम्हांगो : आणि खरं ठरलं नाही तर?

वेझी : ते मला माहीत नाही.

न्याम्हांगो : मला माहीत आहे. नाही ठरलं तरी त्या सायकलवर तू बसायचं नाहीस. संध्याकाळी मासळीचा ट्रक परत जातो. पाट्या रिकाम्या असतात, ऐसपैस बसता येतं. घरी चटई आहे. वास येईल, तो सोसायचा. आणि घरात न्सिमा मी करणार. करपली तर मी खाणार. ह्यावर एक शब्द बोललीस तर मी रडेन, आणि मी रडले की फार वाईट दिसते, म्हणून बोलू नकोस.

वनांग्वा : आत्याबाई, हे वाक्य ध्वनिमुद्रित करता आले असते तर...

न्याम्हांगो : तुझ्या यंत्राला हात लावलास तर बघ! उद्या त्यावर गायकवृंद भरशील. चला, वेळ थोडा आहे. तालीम करू. वेझी, तू उभी राहा.

वेझी : बैठकीत बायका खाली बसून बोलतात.

न्याम्हांगो : बसून तुझा आवाज कुणाला ऐकू जाणार? उखळाशी उभी राहतेस ना? तशी राहा. कुणी बस म्हणालं तर म्हण, गुडघा दुखतो. मी प्रमुख. वनांग्वा, तुझी खुर्ची दे. प्रमुखाला खुर्ची लागते, आणि मांड्या फाकवून बसावं लागतं, जागा जास्त आहे हे दिसायला हवं.

वनांग्वा : मी श्रीयुत वायसन यांची भूमिका करू काय?

न्याम्हांगो : तुला नाही जमणार. तू दर वाक्याला माफी मागतोस. तू नुसता लोक हो. माश्या मार.

वनांग्वा : ठीक आहे. मी जनसमुदाय होतो.

न्याम्हांगो : हं... आधी तपकीर. ओढली. आ... आ... च्छी! ...कोण गं तू? कोणाची?

वेझी : आत्या, ते मला ओळखतात.

न्याम्हांगो : ओळखतात, तरी विचारतात. त्यांना मजा वाटते. कोणाची?

वेझी : म्हांगोंची. नाव वेझी.

न्याम्हांगो : मोठ्यानं! त्या मागच्या म्हाताऱ्याला काय ऐकू गेलं? जनसमुदाय, ऐकू आलं?

वनांग्वा : फारसे नाही.

वेझी : म्हांगोंची वेझी!

न्याम्हांगो : हां. च्छी! तर मुली, तुझ्या नवऱ्याची तक्रार आहे. रेडिओवर उखळ वाजलं नाही. तू कांडत होतीस की नव्हतीस?

वेझी : कांडत होते, बाबा.

न्याम्हांगो : मग झालं की! कांडणाचं गाणं. मिटलं. जेवायला चला. माझी बायको वाट बघतेय, आज कोंबडी आहे.

वेझी : नाही, बाबा. थांबा. कांडत होते म्हणून सोडून द्या, हे सांगायला मी आले नाही. ते गाणं नव्हतं.

न्याम्हांगो : मग काय होतं?

वेझी : माझ्या नवऱ्यानं मला मारलं. ताल धरायच्या काठीनं. पहिल्यांदा मारलं तेव्हा माझ्या पोटात मूल होतं. मी ते कशातही गायले नाही, कारण त्याला चाल लागेना. त्यानंतर किती वेळा मारलं ते मोजलं नाही. त्या दिवशी डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, हातानं गवत चाचपत आत्याकडे गेले. तिला विचारा. तिनं बघितलंय.

वनांग्वा : ...आत्याबाई? प्रमुख पुढे काय विचारतील?

न्याम्हांगो : गप रे. प्रमुख ऐकतोय.